लिंबाला बांधलेला गुडघा

बारामतीत बापूसाहेबांच्या हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारे कचरू मखरे यांच्याबद्दल मी सांगायला लागलो, की लोक आधी विचारतात, ते डॉक्टर होते का? नव्हते. कंपाउंडर? तेही नव्हते. मॅट्रिकला इंग्रजीत गचकलेला माणूस. पण सदतीस वर्षं मास्तरकी करताना मी जी शिकलेली माणसं बघितली, त्यांतल्या एकाही माणसापुढे मला इतकं लहान वाटलेलं नाही. आणि मी कोणाला उगाच मोठं म्हणणाऱ्यांतला नाही, हे माझी बायकोही सांगेल. तिला तर मी आजवर एकदाही म्हटलेलं नाही.

पहिली भेट एकोणनव्वद सालची. कालव्याच्या भरावावरून सायकलसकट खाली गेलो आणि उजवा खांदा धरून दवाखान्यात पोचलो. एक्स-रेच्या खोलीत पांढऱ्या शर्टातला एक काटकुळा माणूस. नखं तपकिरी झालेली, ती फिल्म धुण्याच्या औषधानं, हे नंतर कळलं. त्यांनी आधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि मग माझा खांदा धरला.

"हलू नका, गुरुजी. डोळं मिटलं तरी चालंल, डोळ्याचा फोटू न्हाय काढत."

दहा मिनिटांनी ते अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले. स्टीलच्या चौकटीत अडकवलेली ओली फिल्म, तिच्यातून पाणी ठिबकतंय. ती घेऊन ते सरळ अंगणात उन्हात गेले, फिल्म आभाळाकडे धरली आणि मला विसरले. मी मागे ताटकळत उभा. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, बारा-तेरा वर्साचं असताना कुठनं पडला व्हता?"

मी म्हणालो, "छे, कुठंच नाही."

"गळ्याखालचं हाड मोडून जुळलंय. जरा वाकडं जुळलंय. कुणी बांधल्यालं दिसत न्हाय. घरी सांगितलं नव्हतं वाटतं?"

बाराव्या वर्षी दुसऱ्याच्या आंब्यावर चढून पडलो होतो आणि मार बसेल म्हणून महिनाभर हात पोटाशी धरून हिंडलो होतो. आईला नाही, भावाला नाही, कोणालाही सांगितलं नव्हतं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची चोरी हा माणूस उन्हात धरून वाचत होता.

त्या दिवसापासून आमची ओळख झाली. सुट्टीच्या दिवशी मी दवाखान्याच्या अंगणात जाऊन बसायचो आणि ते वाळत घातलेल्या फिल्म एकेक करून दाखवायचे. हे बघा, ह्या बाईनं जन्मभर डोक्यावर हंडे वाहिलेत, मानेचे मणके कसे दबलेत. हा गडी एका पायावर जास्त भार देतो, ह्या गुडघ्यातली फट बारीक झालीय. मला आधी नुसता धूर दिसायचा. ते बोट ठेवायचे आणि त्या धुरातून माणूस उभा राहायचा.

मखरे मूळचे इंदापूर तालुक्यातले. त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून हा तरी राहावा यासाठी आईबापांनी नाव कचरू ठेवलं. छप्पन सालानंतर घराण्यानं दीक्षा घेतली, देव्हारा गेला, नाव तेवढं राहिलं. विशीत ते भवानीनगरच्या साखर कारखान्यात ऊस उतरवण्याच्या कामाला होते. एकदा मोळी पायावर पडली. बापूसाहेब डॉक्टरांनी फोटो काढला आणि सवयीनं सांगितलं, मोडलेलं नाही, जा. हा गडी जाईना. म्हणाला, मला बघायचाय. बापूसाहेबांनी दाखवला. पायाच्या पंजात सव्वीस हाडं असतात, एकापुढं एक, मापात बसवलेली.

"त्या दिवशी मी रडलो, गुरुजी," मखरे मला म्हणाले होते. "दुखत व्हतं म्हणून न्हाय. माझ्या आत एवढं नीटनेटकं काय हाय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

बरा झाल्यावर ते परत गेलेच नाहीत. फरशी पुसायला राहिले आणि दोन वर्षांत एक्स-रे शिकले.

आता फिल्मची गोष्ट. आमच्याकडच्या लोकांची एक खोड आहे. फोटो काढतील, डॉक्टरला दाखवतील, पण फिल्म घरी नेणार नाहीत. हाडं घरात ठेवायची म्हणजे अशुभ. बायका तर हात लावत नसत. त्यामुळे फिल्म दवाखान्यातच राहायच्या आणि मखरे त्या साल लावून, नंबर लावून मागच्या खोलीत रचून ठेवायचे. प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात शिशाच्या आकड्यांचा पांढरा नंबर उमटवलेला असे आणि त्या नंबरापुढे वहीत नाव, वय, तारीख. खोली छतापर्यंत भरली होती.

चौऱ्याण्णव साली बापूसाहेब वारले. मुंबईहून शिकून आलेला त्यांचा मुलगा, डॉक्टर यशराज, दवाखाना बघू लागला. हुशार आणि कामाला वाघ, पण बापाइतकं बसून बोलणारा नव्हता. पुढच्या वर्षी दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा तो म्हणाला, "कचरूकाका, तीन वर्षांपूर्वीचं सगळं काढून टाका. नवीन मशीनला जागा पाहिजे."

आणि इथं मी कडमडलो.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. जळोचीच्या पुढं एका वस्तीवर माझी शाळा, चौथीपर्यंतची. ग्रहणात लोक दारं लावून बसतात, पाणी ओततात, याचा मला मनस्वी राग. मी ठरवलं, यंदा अख्ख्या वस्तीला ग्रहण दाखवायचं. एक्स-रे फिल्ममधून सूर्य बघू नये, डोळ्यांना इजा होते, हे आता शहाणे लोक सांगतात. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, आणि वरून मी मास्तर होतो, म्हणजे विचारायचं कोणाला?

मी मखऱ्यांकडे चाळीस जुन्या फिल्म मागितल्या. ते जरा घुटमळले. मग एकेक फिल्म उजेडात बघून बाजूला काढू लागले. ज्यात काही मोडलेलं, बिघडलेलं होतं त्या ठेवल्या, ज्यांच्यावर बापूसाहेबांनी 'ठीक' लिहिलं होतं त्या मला दिल्या. देताना म्हणाले, "ही माणसं हायत, गुरुजी. जपून."

मी जपलं ते असं. घरच्या कात्रीनं एकेका फिल्मचे बारा तुकडे केले. दोन-दोन तुकडे एकावर एक ठेवून सुईदोऱ्यानं टाचले आणि दोनशे चाळीस चष्मे वस्तीभर वाटले. ग्रहणाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा सूर्याची कोर बघितली. मी महिनाभर छाती फुगवून हिंडलो.

महिनाभर म्हणजे बरोबर पंचवीस दिवस. कारण अठरा नोव्हेंबरच्या शनिवारी जोतीराम रुपनवरची रोहिणी खो-खो खेळताना पडली.

जोतीराम आमच्याच वस्तीवरचा. त्याच्या बापाची मेंढरं होती, त्यानं ती विकून शेती धरली. रोहिणी त्याची थोरली, माझ्या हाताखालून चौथी होऊन गेलेली, आता सातवीत. पळायला लागली की तिच्या दोन्ही वेण्या आडव्या व्हायच्या. डावा गुडघा सुजला म्हणून आईबाप तिला दवाखान्यात घेऊन गेले. मखऱ्यांनी फोटो काढला, डॉक्टर यशराजनं तो उजेडाच्या पेटीवर लावला.

गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडात, कडेला एक काळसर डाग होता. सुपारीपेक्षा मोठा. त्याची कड तीन बाजूंनी पांढरी होती, एका बाजूला पुसट झाली होती. या वयात, या जागी, अशी पुसट कड. त्यानं जोतीरामला बाजूला घेऊन सांगितलं, की ही हाडाची गाठ असू शकते, वाईट जातीची. मुंबईला मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासावा लागेल. तीच निघाली तर पाय वाचवणं अवघड. गुरुवारी मुंबईत खाट मिळाली होती. त्यानं चिठ्ठी लिहून दिली.

मखरे दारात उभे होते. आईबाप बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "साहेब, हा डाग जुना हाय. पोर आठ वर्साची असताना चिंचेवरनं पडली व्हती, तवा मीच फोटू काढला. तवाबी व्हता."

"नक्की?"

"डोळ्यापुढं हाय माझ्या. बापूसाहेबांनी मोडलंय का एवढंच बघितलं. डागाचं इचारलं तर म्हणालं, लहान पोरांत असतं, वाढता वाढता जातं."

डॉक्टर खुर्चीवर पुढे सरकला. चार वर्षांपूर्वी डाग होता आणि पोर धडधाकट खेळतेय, तर तो वाईट जातीचा असणं जवळजवळ अशक्य. वाईट गाठ चार वर्षं गप्प बसत नाही. "फोटो कुठाय?" त्यानं विचारलं.

मखऱ्यांना तेव्हा आठवलं, त्या फोटोवर 'ठीक' लिहिलेलं होतं.

"कचरूकाका," डॉक्टर शांतपणे म्हणाला, "तुम्ही आजवर हजारोंनी फोटो काढलेत. तुमच्या आठवणीवर मी पोरीला घरी पाठवू? चुकलात तर पाय नाही, पोर जाईल."

त्याचं चुकलं नव्हतं. मखऱ्यांनाही ते कळत होतं.

सोमवारी सकाळी मी वर्गात पाढे घेत होतो. दारात सायकल आपटल्याचा आवाज आला. मखरे घामानं निथळत उभे. त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "तुकडं कुठं हायत, गुरुजी?"

मी खडू खाली ठेवला. पोरांना म्हणालो, आत्ताच्या आत्ता घरी पळा आणि ग्रहणाचे चष्मे घेऊन या. फाटलेले, मळलेले, कसलेही. जो आणील त्याला आज गृहपाठ नाही. एवढ्या वेगानं माझी शाळा कधी सुटली नव्हती.

दुपारपर्यंत चष्म्यांचा ढीग पडला. एक कंदिलाच्या फुटक्या काचेला चिकटवलेला होता, एक पिठाच्या डब्याचं झाकण झाला होता, बरेचसे आकाशकंदिलातून ओरबाडून आणले होते. काही घरी बायकांनी उजेडात नीट बघून, "अगं बया, हाडं!" म्हणून उकिरड्यावर फेकले होते. ते पोरांनी उकरून आणले. मी मोजले तर तीनशे बारा तुकडे होते. बाकीचे गेले होते.

वाचनालयाच्या कपाटाची काच काढून आम्ही दोन बाकांवर आडवी ठेवली आणि खाली आरसा धरून ऊन वर फेकलं. मखरे पाटावर बसले. चष्मा पुसला. आणि मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही.

एकेक तुकडा ते काचेवर ठेवत, एक नजर टाकत आणि बाजूला सारत, बायका सुपात ज्वारी निवडतात तसे. "हात. मोठ्या माणसाचा. हे कमरेचं, बाईचं. टाच. बरगडी. हे म्हातारं, हाड विरळ झालंय." तीन-तीन इंचाचे तुकडे होते हो! मला त्यात काळंपांढरं सोडून काही कळत नव्हतं. एका तुकड्यापाशी ते थांबले, म्हणाले, "हे नाना. दवाखान्यात यायचं. मागल्या साली गेलं," आणि तो तुकडा दोन्ही हातांनी उचलून वेगळा ठेवला. मी उभा होतो तो खाली बसलो. उभं राहणं बरं वाटेना.

"लहान पोराचं कशावरून कळतं?" मी विचारलं.

त्यांनी एक तुकडा पुढे केला. हाडाचं टोक आणि हाडाचा दांडा यांच्यामध्ये एक काळी रेघ होती, जणू टोक नुसतं टेकवून ठेवलंय. "ही वाढीची रेघ. हाड हितं वाढतं. मोठं झालं की ही भरून जाती. लहान पोरांचं हाड म्हंजे बांधकाम चालू असतंय."

तीन वाजेपर्यंत त्यांनी लहान मुलांच्या गुडघ्यांचे सगळे तुकडे वेगळे काढले होते. ते दोन मुलांचे निघाले. मग ते कडा जुळवू लागले. माझं कात्रीकाम वेडंवाकडं, बायको त्यावरून हसली होती. तेच आता कामाला आलं. प्रत्येक कड दुसऱ्या एकाच कडेला बसत होती. हळूहळू काचेवर एक गुडघा उभा राहिला. कोपऱ्याच्या तुकड्यात शिशाचे आकडे होते, अकराशे त्रेसष्ट. मखऱ्यांनी दवाखान्याची वही सोबत आणली होती. त्यांनी पान उलटलं आणि बोट ठेवून मला वाचायला लावलं. मे एक्क्याण्णव, रोहिणी जोतीराम रुपनवर, वय आठ, डावा गुडघा.

बारातले नऊ तुकडे सापडले होते. राहिलेल्या तिनांतले दोन कडेचे, नुसते काळे असणार, त्यांची गरज नव्हती. मधला एक नव्हता, आणि डाग नेमका तिथंच. शेजारच्या तुकड्याच्या काठाला नखाएवढी पांढरी कोर दिसत होती, तिथून डाग सुरू होत होता आणि पुढे भोक होतं, खालून आरशाचं ऊन येत होतं.

मखऱ्यांनी शेजारचा तुकडा उचलला. त्याच्या कोपऱ्याला तांबडा दोरा लोंबत होता. "ह्याच्यासंगं दुसरा टाचल्याला व्हता. कुणी आणला हा?"

आणला होता तिसरीतल्या सारजानं. तिला बोलावलं तर ती रडवेली झाली. "दुसरा आज्जीनं घेतला. देत न्हाय म्हणली."

सारजाची आजी म्हणजे गोजरबाई. सत्तरीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलायला फटकळ. तिचं आणि माझं कधी जमलं नाही, कारण ग्रहणात पाणी ओतणाऱ्यांची ती पुढारीण. आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात शेंगा फोडत होती. मी विषय काढताच उखडली.

"मास्तर, लाज न्हाय वाटत? मेलेल्या माणसांची हाडं पोरांच्या हातात दिली! दुसऱ्या दिवशी पोरगी त्यातनं खेळत व्हती. मी बघितलं, हाड व्हतं. आख्खं हाड. कुण्या बिचाऱ्याचं, त्याला कुणी पाण्यात सोडलं न्हाय."

"मग तुम्ही काय केलंत?"

तिनं हनुवटीनं मागच्या लिंबाकडे दाखवलं. खालच्या फांदीला पांढऱ्या फडक्याची एक पुरचुंडी टांगली होती. सारजाकडून घेतलेला तुकडा तिनं दोरा उसवून वेगळा केला होता, त्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि अस्थी घरात ठेवत नाहीत म्हणून झाडाला बांधला होता. तिचा भाचा अमावस्येला नरसिंहपूरला जाणार होता. तिथं नीरा-भीमेच्या संगमावर तो ही पुरचुंडी सोडणार होता. अमावस्या परवावर आली होती.

मी म्हणणार होतो, अहो, तो प्लॅस्टिकचा तुकडा आहे. तोंड उघडलंही होतं. पण मखऱ्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि पुढे होऊन तिच्यासमोर उकिडवे बसले.

"आज्जी, तुमी केलं ते बरूबर केलं. कुणीतरी करायला पायजे व्हतं. पण मला एकदा बघू द्या. मी हाडांचंच काम करतो. कुणाचं हाय ते सांगतो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "तुमी कुणाचं?"

"मखरे. इंदापूरकडचा."

तिनं समजून मान हलवली. "आन ते हाड? आमच्यातल्याचं हाय का?"

"ते हितं दिसत न्हाय, आज्जी," मखरे म्हणाले. "वय दिसतं."

गोजरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि स्वतःच्या हातानं पुरचुंडी सोडून त्यांच्या ओंजळीत ठेवली. मखऱ्यांनी फडकं उलगडलं. तुकडा हळदीनं माखला होता. त्यांनी ओला कापूस फिरवून तो पुसला, उजेडाकडे धरला आणि काळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"आज्जी, ह्या लेकराला मरण आलेलं न्हाय. ही काळी रेघ बघा. हितनं हाड वाढतं. ही आठ वर्साची पोर हाय, आन ती आता बारा वर्साची झालीया. जोतीरामाची रोहिणी."

गोजरबाईनं दोन्ही हात तोंडावर धरले. "जित्या पोरीचं हाड मी झाडाला बांधलं?" तिनं रिकाम्या फांदीकडे बघितलं. "इडापिडा लागंल रं तिला. काय केलं मी हे!"

"तुमी ते सांभाळलं," मखरे म्हणाले. "बाकीच्यांनी उकिरड्यावर टाकलं."

त्या फटकळ बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी दुसरीकडे बघू लागलो. ज्या समजुतीला मी वीस वर्षं शिव्या घातल्या, तिनंच तो तुकडा राखला होता. याचं काय करायचं ते मला अजूनही कळलेलं नाही, आणि मी तसा प्रयत्नही सोडून दिला आहे.

मंगळवारी सकाळी आम्ही दवाखाना उघडायच्या आधीच दारात होतो. जोतीराम आणि त्याची बायको म्हाळसा रोहिणीला घेऊन आली होती, मुंबईला जाण्याआधी डॉक्टरला काही विचारायचं होतं म्हणून. पोर बाकावर पाय लांब करून बसली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तिचा चेहरा सांगत होता की तिला सगळं कळलंय. तिनं माझ्याकडे बघितलं आणि नमस्कार केला. मला त्या पोरीच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना.

आत मखऱ्यांनी उजेडाच्या पेटीवर चिकटपट्टीनं तुकडे जोडले. एका बाजूला चार वर्षांपूर्वीचा गुडघा, दहा तुकड्यांचा, सुईच्या भोकांचा, एका जागी हळदीनं पिवळा. दुसऱ्या बाजूला शनिवारचा, कोरा करकरीत. डॉक्टर यशराज आला. त्यानं आधी नंबर बघितला, वही बघितली, प्रत्येक जोडावरून नख फिरवून कडा तपासल्या. मग डागाकडे आला.

डाग होता. लहान, बोराएवढा, चारी बाजूंनी पांढरी कड असलेला.

"लहान आहे," डॉक्टर पुटपुटला. "आता मोठा आहे." मी मखऱ्यांकडे बघितलं.

"हाडबी लहान व्हतं, साहेब," मखरे म्हणाले. "पट्टी लावा."

डॉक्टरनं पट्टी लावली. हाडाची रुंदी मोजली, डागाची मोजली, भागाकार केला. हाड वाढलं होतं तेवढाच डाग वाढला होता. त्यानं परत मोजलं. मखरे म्हणाले, "आता वाढीच्या रेघेपासनं अंतर बघा."

जुन्या फोटोत डाग वाढीच्या रेघेपासून बोटभरावर होता. नव्या फोटोत तीन बोटांवर. डॉक्टर पट्टी धरून तसाच थांबला.

मला काही उमगलं नाही, म्हणून मखऱ्यांनी मला समजावलं. "ऊस कसा शेंड्याकडनं वाढतो? खालच्या कांड्यावर डाग असंल तर तो तिथंच राहतो, शेंडा वर जातो. तसं हे. मांडीचं हे हाड गुडघ्याकडच्या टोकाला वाढतं. पोर वाढली, हाड पुढं गेलं, डाग जिथल्या तिथं मागं राहिला. वाईट गाठ अशी मागं राहत न्हाय, गुरुजी. ती हाड खात सुटती."

मी त्या दोन चित्रांकडे बघत राहिलो. पोर शाळेत आली, पाढे म्हणाली, माझ्या छड्या खाल्ल्या, पळाली, आणि त्या सगळ्या काळात आत, अंधारात, हे हाड कोणाला न विचारता रोज थोडं थोडं पुढे सरकत होतं. चार वर्षं माझ्यासमोर पट्टीच्या टोकावर मांडली होती. अशा वेळी माणसानं हात जोडावेत असं मला वाटलं, पण कोणाला जोडावेत ते ठरेना, म्हणून टोपी काढली.

"मग ही कड पुसट का?" डॉक्टरनं विचारलं. पण विचारताना तो स्वतःच भिंग घेऊन वाकला होता. बराच वेळ वाकून राहिला. "चीर आहे," तो म्हणाला. "केसाएवढी. शनिवारच्या पडण्यानं पडलीय. मी ती वाईट गाठीची खूण समजलो." तो उभा राहिला आणि मखऱ्यांकडे वळला. "काका, दीड महिना प्लास्टर, सहा महिन्यांनी परत फोटो. मुंबईला जायचं काही कारण नाही. तुम्ही सांगा त्यांना."

"मी?"

"तुम्हीच."

मखरे बाहेर गेले. मी त्यांच्यामागे. जोतीराम त्यांना बघून उभा राहिला. म्हाळसानंच विचारलं, "पाय... कापायचा का?"

"न्हाय," मखरे म्हणाले. "जरा चीर पडलीया. प्लास्टर घालायचं. पाय तिचा तिलाच राहणार. पळंल ती."

जोतीराम मटकन खाली बसला, बाकावर नाही, फरशीवरच. डॉक्टरची मुंबईची चिठ्ठी त्याच्या हातात होती, ती त्यानं तशीच तोंडावर दाबून धरली. म्हाळसा रोहिणीसमोर वाकली आणि तिनं तो सुजलेला गुडघा दोन्ही हातांनी गच्च धरला, कोणी ओढून नेईल म्हणून धरावा तसा. तिचे खांदे हलत होते आणि ती सोडायचं नाव घेईना.

"आये, सोड की!" रोहिणी ओरडली. "लई दुखतंय!"

आणि आम्ही सगळे, तो गंभीर डॉक्टरसुद्धा, मोठमोठ्यानं हसायला लागलो. पोर आमच्याकडे रागानं बघत होती, तिला खरंच दुखत होतं.